निराधारांचे बिऱ्हाड



स्मृतिव्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक शाळेने मला दिली, याबद्दल मी प्रथम आभार मानतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी शाळेत आलेल्या मुलांसाठी आपले आयुष्य वेचले. मी आज बोलणार आहे ते शाळेबाहेर राहिलेल्या, किंवा शाळेचा दाखला हाती पडल्यावर जायला घर नसलेल्या मुलांविषयी. पंधरा ते बावीस हे वय मोठे अवघड असते. लहान मूल रस्त्यावर दिसले तर कोणीही हळहळतो. तेच मूल मिसरूड फुटलेले दिसले की पोलीस हटकतात आणि दुकानदार गल्ला सांभाळतात. या वयाच्या निराधारांना हाताला काम आणि डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून आपल्या मुलखात आणि शेजारच्या महाराष्ट्रात कोणी काय केले, त्याचा इतिहास पाहावा असे मनात आहे.

आपला मुलूख म्हणजे सातपुड्याचा घाट उतरून आल्यावर लागणारी पांढुर्णा आणि सौंसरची काळी जमीन. देवगडच्या गोंड राजांचे, मग नागपूरकर भोसल्यांचे राज्य येथे नांदले. १८५४ मध्ये डलहौसीने ते खालसा केले आणि १८६१ मध्ये आपण मध्य प्रांतात आलो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. आपली सोयरीक, संत्र्यांची पेठ, दवाखाना आणि कॉलेज मात्र नागपूरलाच राहिले. निराधार मुलाची वाटही तीच. घर सुटले की तो गाडीत बसतो आणि नागपूरला उतरतो. ही वाट शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे.

तिच्या आरंभी दुष्काळ आहे. १८९६–९७ आणि पुन्हा १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची जी दैना केली, तिची आठवण आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात कालपरवापर्यंत होती. माणसे मेली, आणि जी मुले उरली ती रस्त्याला लागली. पहिल्या दुष्काळाची बातमी पुण्यास पोचली तेव्हा पंडिता रमाबाई शारदा सदन चालवीत होत्या. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले हे सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले होते. रमाबाई तडक मध्य प्रांतात आल्या. मदतकेंद्रांतून, बाजारांतून, देवळांच्या पायऱ्यांवरून त्यांनी मुली गोळा केल्या आणि सुमारे तीनशे जणींना आपल्याबरोबर नेले.

त्या का आल्या, हे त्यांच्या पूर्वायुष्याकडे पाहिले की कळते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई, दोघेही १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात गेले. विशीच्या आतली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास देशभर पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितांनी तिला ‘सरस्वती’ म्हटले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्याआधी ती घर नसलेली एक तरुण मुलगी होती, हे पाठ्यपुस्तक घाईने ओलांडून जाते. मला तो भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

मुली पुण्यास आल्या तेव्हा तेथे प्लेगचा अंमल होता. नव्या माणसांना शहरात ठेवण्यास सरकारी मनाई होती. तेव्हा रमाबाईंनी मुलींना केडगावच्या आपल्या शेतावर नेले आणि तंबूंत संसार मांडला. ‘मुक्ती’ उभी राहिली ती अशी, अडचणीतून. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने खरा इतिहास त्यानंतर घडला. शेकडो मुलींना नुसते जेवू घालणे परवडणारे नव्हते आणि रमाबाईंना ते मान्यही नव्हते. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, स्वयंपाक असे एकेक काम उभे राहिले. अंध मुलींना ब्रेल शिकवली जाऊ लागली. पुढे छापखाना आला, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम बायका करू लागल्या. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. ते १९२४ मध्ये पूर्णपणे प्रसिद्ध झाले, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

धर्मांतराच्या प्रश्नावरून रमाबाईंवर त्यांच्या हयातीत प्रखर टीका झाली. पुण्याच्या वृत्तपत्रांनी तर त्यांना सोडले नाही. तो वाद मी येथे उकरत नाही, पण टाळतही नाही. निराश्रिताला आसरा देणारा त्याच्याकडून काय मागतो, हा प्रश्न रास्त आहे आणि तो प्रत्येक आश्रमाला, प्रत्येक अनाथालयाला विचारला पाहिजे. मात्र टीकाकारांपैकी किती जण त्या वर्षी मध्य प्रांतात गेले होते, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे.

आसरा देणारा काय मागतो, याचे एक फार जुने आणि कडू उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. ठगांचा बंदोबस्त केल्यावर कर्नल स्लीमन यांच्यापुढे प्रश्न आला, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांचे आणि त्यांच्या मुलाबाळांचे करायचे काय? त्यांतून १८३७ च्या सुमारास जबलपूरला एक उद्योगशाळा निघाली. तंबू आणि गालिचे विणण्याचे काम तेथे शिकवले जाई, आणि जबलपूरचा माल नावाजला गेला. मुलांना काम मिळाले, छप्परही मिळाले. नव्हते ते दाराबाहेर जाण्याचे स्वातंत्र्य. बापाने केलेल्या गुन्ह्यासाठी मुलाने कोंडून घ्यायचे, अशी ती व्यवस्था. नोकरी आणि घर या दोन्ही गोष्टी दिल्या म्हणजे माणूस उभा राहतोच असे नाही, हे त्या कारखान्याने दाखवले.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती रूक्ष आहे. १८५० च्या उमेदवारीच्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ व गरीब मुलांना, एखाद्या कारागिराकडे करारबद्ध करण्याची सोय झाली. मुदत जास्तीत जास्त सात वर्षे. अनाथ मुलाच्या वतीने मॅजिस्ट्रेटने पालक म्हणून सही करायची. कल्पना वाईट नव्हती, पण मूल ज्याच्या घरी काम शिकणार त्याच्याच घरी झोपणार, म्हणजे पूर्णपणे त्याच्या मर्जीवर जगणार. पुढे मुलांचे कायदे आले: मद्रास १९२०, बंगाल १९२२, मुंबई १९२४, आणि आपल्या मध्य प्रांताचा १९२८. स्वातंत्र्यानंतर १९८६ मध्ये देशभरासाठी बालन्याय कायदा झाला, २००० मध्ये तो बदलला आणि २०१५ मध्ये पुन्हा नवा झाला. या साऱ्यांत मुलाला संस्थेत कसे घ्यावे याची कलमे पुष्कळ आहेत. तो बाहेर पडताना काय करावे, याची फारच थोडी.

कायद्याची वाट न पाहता ज्यांनी ही उणीव ओळखली, त्यांच्याकडे आता वळू. १९०९ मध्ये पुण्यात दादासाहेब केतकरांनी ‘अनाथ विद्यार्थी गृह’ काढले. तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. शिकण्याची इच्छा आहे पण पाठीशी कोणी नाही, अशी मुले तेथे राहत. स्वावलंबन हा तेथील नियम होता. या संस्थेनेही छापखाना काढला आणि पुढे मुद्रणतंत्राचे रीतसर शिक्षण सुरू केले. छापखान्याचे काम निराधारांच्या संस्थांनी इतक्या आवडीने का निवडले, याचा मी पुष्कळ विचार केला. एक तर त्याला शेतीसारखी वडिलोपार्जित जमीन लागत नाही आणि दुकानासारखे भांडवल लागत नाही. शिवाय ज्याला खिळे जुळवता येतात, त्याला कोणत्याही गावी काम मिळे, आणि ते हातचे काम असूनही त्यात अक्षरांची संगत असे. केतकरांच्या संस्थेचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तेथे वाढलेलीच काही मुले पुढे संस्थेचे आजीव सेवक झाली. ज्यांनी पाहुण्यासारखे यायचे, तेच यजमान झाले.

सातारकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यांची. या वसतिगृहाविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही.

नागपूरचे उदाहरण मात्र आपल्या अंगणातले आहे. कमलाताई होस्पेट लहान वयात विधवा झाल्या. नागपूरच्या डफरिन रुग्णालयात त्या परिचारिकेचे काम शिकल्या आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्यासह त्यांनी मातृ सेवा संघ सुरू केला. पाहता पाहता हे प्रसूतिगृह विदर्भात आणि मध्य प्रदेशात पसरले. टाकलेल्या, परित्यक्ता, कोणाचाच आधार नसलेल्या बायका तेथे परिचारिका होऊन बाहेर पडल्या. शिकताना राहण्याची सोय, आणि शिकून झाल्यावर हातात प्रमाणपत्र. प्रमाणपत्राला मी इतके महत्त्व का देतो, ते सांगण्यासाठी मला एक साधी हकीकत सांगावी लागेल.

मी शिकवीत असताना पांढुर्ण्याच्या स्थानकावर संत्री विकणारा एक मुलगा मला माहीत होता. तो कोणाचा, कोठला, हे कोणी विचारले नव्हते. गाडी दोन मिनिटे थांबे तेवढ्यात खिडकीखिडकीने हिशेब करून सुटे पैसे परत देण्याची त्याची हातोटी पाहून मला वर्गातल्या गणिताची लाज वाटे. सतरा-अठराव्या वर्षी तो नागपूरला एका दुकानात कामाला लागला. दुकानदार भला होता. रात्री दुकानातच झोपू देई, दोन वेळा जेवू घाली. चार वर्षांनी दुकान बंद झाले आणि एका संध्याकाळी मुलाचे काम, घर आणि जेवण तिन्ही गेले. चार वर्षे प्रामाणिकपणे काम केल्याचा एक कागदसुद्धा त्याच्यापाशी नव्हता. तो परत स्थानकावर आला, आता वयाने मोठा, त्यामुळे नकोसा.

बाजाराचा हा नियम लक्षात घेण्यासारखा आहे. निराधाराला काम आणि छप्पर बहुधा एकाच हातून मिळतात, ढाब्यावर, गॅरेजमध्ये, संत्र्याच्या बागेतल्या झोपडीत, विटांच्या भट्टीवर. तो हात मागे गेला की दोन्ही जातात. म्हणून ज्या संस्थांनी राहण्याची जागा आणि कामाची जागा वेगळ्या ठेवल्या, किंवा निदान शिकलेले काम मुलाच्या स्वतःच्या मालकीचे केले, त्यांची मुले टिकली.

छपराबद्दल बोलताना आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांना विसरता येणार नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांनी देह ठेवला, तोवर पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या होत्या आणि स्वतः मात्र झोपडीत राहिले. धर्मशाळेत येणाऱ्याला जात विचारायची नाही, ही शिकवण त्यांची. भाड्याची खोली शोधणाऱ्या आजच्या निराधार मुलाला घरमालक पहिल्यांदा तेच विचारतो: आडनाव काय, गाव कोणते, घरी कोण असते, जामीन कोण राहील? चौघांपैकी एकाही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसते.

गाडगेबाबांना मानणाऱ्या एका माणसाने या चारही प्रश्नांना एकच उत्तर शोधले. आपल्या पश्चिमेला, अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ, याच सातपुड्याच्या पायथ्याशी वझ्झर नावाचे गाव आहे. तेथे शंकरबाबा पापळकरांनी १९९० नंतर अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने बालगृह चालवले. रेल्वेस्थानकांवर, बसस्थानकांवर, कचराकुंडीत टाकून दिलेली दिव्यांग मुले तेथे आली. संस्थेच्या नावात ‘बेवारस’ हा शब्द आहे. रेल्वेच्या पार्सल कचेरीत न सोडवलेल्या गाठोड्याला आपण बेवारस म्हणतो, आणि तोच शब्द मुलाला लावतो, याचा आपल्याला विटाळ वाटत नाही. शंकरबाबांनी सव्वाशेच्या आसपास मुलांना पित्याच्या जागी आपले नाव दिले. शाळेच्या दाखल्यावर, आधारपत्रावर, मतदारयादीत, जेथे जेथे बापाचे नाव लागते तेथे ‘शंकरबाबा पापळकर’. रकाना भरला गेला आणि व्यवहाराची दारे उघडली.

त्यांनी मुलांची लग्नेही लावून दिली. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात अशाच एका मूकबधिर जोडप्याचे लग्न झाले. कन्यादान तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी केले आणि वरपिता म्हणून नागपूरचे जिल्हाधिकारी उभे राहिले. वर्तमानपत्रांना त्या समारंभाचे अप्रूप वाटले. मला त्यातली व्यवहाराची बाजू दिसते. लग्न म्हणजे बिऱ्हाड, बिऱ्हाड म्हणजे पत्ता, आणि पत्ता म्हणजे रेशनकार्ड. शंकरबाबांची जुनी मागणी अशी की, अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून मतिमंद वा बहुदिव्यांग निराधाराला संस्थेबाहेर काढू नये, त्याला तेथेच जन्मभर राहू द्यावे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री दिली.

जी मुले आपल्या पायांवर उभी राहू शकतात, त्यांचा प्रश्न वेगळा. त्याला वाचा फोडली ती अमृता करवंदे या तरुणीने. गोव्यातल्या अनाथाश्रमात ती वाढली. अठरा पूर्ण होताच तेथून बाहेर पडून ती पुण्यास आली आणि काही रात्री तिने रेल्वेस्थानकावर काढल्या. मिळेल ते काम करीत तिने पदवी घेतली, लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली, आणि २०१७ मध्ये गुण असूनही तिची निवड अडली, कारण आवश्यक तो दाखला तिच्यापाशी असणे शक्यच नव्हते. आईबाप माहीत नाहीत, मग त्यांचे उत्पन्न कोण सांगणार? ती मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटली. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने अनाथांना नोकरी व शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण मंजूर केले आणि एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला. पुढे त्यात सुधारणाही झाल्या. आकडा लहान आहे. पण ‘अनाथ’ ही केवळ दयेची नव्हे तर हक्काची ओळख म्हणून सरकारी कागदावर आली, हे त्या निर्णयाचे मोल.

येथे आपली सीमा आडवी येते. तो निर्णय महाराष्ट्राचा. वरुडच्या संस्थेत वाढलेल्या मुलाला त्याचा लाभ आहे. मराठीच बोलणाऱ्या, त्याच संत्र्यांच्या बागांत खेळलेल्या पांढुर्ण्याच्या मुलाला नाही. मध्य प्रदेशाने वेगळी वाट धरली. २०१५ च्या बालन्याय कायद्यातील ४६ व्या कलमाने अठरा वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजात मिसळण्यासाठी आर्थिक साहाय्य देता येते. ही पश्चात् सेवा एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादाने तेविसाव्या वर्षापर्यंत चालते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेने राज्यात त्याला रूप दिले. संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणाला उमेदवारी किंवा व्यवसायशिक्षण घेताना दरमहा ५००० रुपये देण्याची त्यात तरतूद झाली. योजना चांगली आहे. पण ‘संस्थेतून बाहेर पडलेल्या’ हे शब्द नीट वाचावेत. जो कधी संस्थेत गेलाच नाही, स्थानकावर, ढाब्यावर, बाजारात वाढला, तो संस्थेतून बाहेर कसा पडणार? माझा संत्रीवाला मुलगा १८५० च्या कायद्यातही बसला नसता, कारण त्याच्या वतीने सही करायला कोणी मॅजिस्ट्रेटपाशी गेले नसते. आणि या योजनेतही तो बसत नाही.

५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला आहे. कामासाठी घाट चढून छिंदवाड्यास जायचे दिवस संपावेत म्हणून आपण त्याची मागणी केली होती. जिल्हा म्हणजे जिल्हाधिकारी, बालकल्याण समिती, बालसंरक्षण कचेरी. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात गिरणी आहे, कारखाने आहेत, त्यांना माणसे लागतात. त्या माणसांचा पत्ता आणि ओळख मात्र कोणी तरी द्यावी लागते. शाळेने यात काय करावे असे मला विचारले, तर मी शाळेच्या सर्वांत जुन्या वहीकडे बोट दाखवीन. दाखल-खारीज नोंदवहीत ज्याचे नाव चढले, त्याला जन्मतारीख मिळते, गाव मिळते, आणि या देशात त्याचा पहिला कागद तयार होतो. रस्त्यावरचे मूल दहा-बारा वर्षांचे असतानाच त्या वहीत आले पाहिजे. अठराव्या वर्षी त्याच्यासाठी धावाधाव करून उपयोग नाही. गावातील चार सभ्य गृहस्थांनी एकेका मुलाच्या खोलीसाठी जामीन राहण्याचे कबूल केले, तर त्याला सरकारी आदेशाची गरज नाही. सहीचा धोका आहे, हे मी जाणतो. सोसायटीच्या कर्जाला आपण याहून मोठ्या धोक्याच्या सह्या दरवर्षी करतो.

वझ्झरची एक मुलगी, माला पापळकर. जळगावच्या रेल्वेस्थानकावर तिला अर्भकावस्थेत टाकून दिले होते, आणि ती दृष्टिहीन होती. ती शंकरबाबांकडे वाढली, अमरावतीच्या अंध विद्यालयात ब्रेल शिकली, पदवीधर झाली. २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिकाची परीक्षा ती उत्तीर्ण झाली आणि पुढे नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात महसूल विभागात तिची नेमणूक झाली. जमिनीचे उतारे, वारसांच्या नोंदी आणि रहिवासाचे दाखले यांचे कामकाज याच विभागाकडे असते.